१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग घ्यायचीये? मग कंपनीतून काय आलं आणि नंतर काय चिकटवलं ते ओळखायला शिका

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना जुन्या गाड्यांचा नाद लागतो त्यातल्या बऱ्याच जणांचं मन शेवटी पहिल्या मस्टँगवरच बसतं. त्यात नवल काहीच नाही, गाडी दिसायला देखणी आहे, मेकॅनिकल काम साधं आहे, घरच्या गराजमध्ये शिकत शिकत करता येतं, आणि जवळपास प्रत्येक पार्ट आजही नवीन बनवलेला मिळतो. पण याच शेवटच्या गोष्टीमुळे नवीन माणसाची फसगत होते, कारण पार्ट सगळे मिळतात म्हटल्यावर साध्या सहा सिलिंडरच्या गाडीला जीटी नावाच्या ऑप्शन पॅकेजचे बॅज, फॉग लाइट, घोड्यांच्या सीट असं सगळं लावता येतं आणि जाहिरातीत किंमत चांगली दीड-दोन पट सांगितली जाते. लावलेलं वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, पण जे नंतर लावलंय त्याचे पैसे कंपनीतून आलेल्या मालाच्या भावाने देऊ नका. म्हणून क्रोम बघायच्या आधी कोड वाचायला शिका.

थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. गाडी १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये लोकांसमोर आली, उत्पादन डिअरबॉर्नला ९ मार्चपासूनच सुरू झालं होतं. खालचा सांगाडा बराचसा फोर्डच्या फाल्कन या स्वस्त गाडीवरून घेतलेला, म्हणून साध्या हार्डटॉपची, म्हणजे पक्क्या टपाच्या गाडीची, किंमत २,३६८ डॉलरवर ठेवता आली. आणि खरी गंमत पुढे होती, ऑप्शनची यादी एवढी लांबलचक की त्याच गाडीची ऑफिसला जायची साधी सहा सिलिंडर पण व्हायची आणि २७१ हॉर्सपॉवरची व्ही-८ (आठ सिलिंडरची) पण व्हायची. १९६५ मॉडेलच्या ६,८०,९८९ आणि १९६६ च्या ६,०७,५६८ गाड्या बनल्या, म्हणजे दोन मॉडेल वर्षांत जवळजवळ तेरा लाख. त्यामुळे "फार दुर्मिळ आहे हो" असं कोणी म्हणालं तर नक्की कशामुळे दुर्मिळ ते विचारा.

पहिलं काम: बॉनेट उघडा आणि नंबर शोधा

या गाड्यांचा नंबर, म्हणजे कंपनीने ठोकलेला ओळख क्रमांक (व्हीआयएन), आजच्यासारखा काचेतून डॅशबोर्डवर दिसत नाही, ती पद्धत नंतर आली. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला उभे राहा. फेंडर आतल्या पत्र्याला जिथे बोल्टने बसवलाय तिथे फेंडरच्या कडेला एक छोटी खाच दिसेल, आणि त्या खाचेतून आतल्या पत्र्यावर ठोकलेली अक्षरं दिसतील, सुरुवातीला आणि शेवटी चांदणीसारखी खूण. कधीकधी त्यावर रंगाचे इतके थर असतात की काहीच वाचता येत नाही, मग टॉर्च तिरपा धरा, आडव्या प्रकाशात खड्डे उठून दिसतात. फेंडर बदललेला असेल तर खाच नसेलही, तरी नंबर खालच्या पत्र्यावर असतोच, फेंडरचे बोल्ट सैल करून बघता येतं. ठोकलेल्या अक्षरांच्या आजूबाजूला वेल्डिंगची रेघ किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ निघून या, तिथे वाद घालत बसू नका.

आता वाचायचं कसं. समजा सुरुवात ५एफ०७सी अशी आहे आणि पुढे सहा आकडे आहेत. ५ म्हणजे १९६५ मॉडेल, ६ असेल तर १९६६. पुढचं अक्षर कारखान्याचं, एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे आणि टी म्हणजे मेटचन. यातले दोन पत्ते आपल्या लोकांच्या अगदी पायाखालचे आहेत, मेटचनचा कारखाना प्रत्यक्षात न्यूजर्सीच्या एडिसनमध्ये होता, २००४ मध्ये बंद झाला, आणि सॅन होजेचा कारखाना मिल्पिटासला, ज्या जागेवर आज ग्रेट मॉल आहे. बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाने तिथे एकदा तरी खरेदी केलेली असतेच, तर आर कोडच्या मस्टँग त्याच इमारतीतून बाहेर पडल्या आहेत. मला तरी ही गोष्ट फार आवडते.

कारखान्यानंतरचे दोन आकडे बॉडीचे. ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल म्हणजे कापडी टपाची, ०९ फास्टबॅक म्हणजे मागे उतरता टप असलेली. मग इंजिनचं एक अक्षर आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक.

इंजिनचं अक्षर हेच सगळ्यात महत्त्वाचं

ही एवढी अक्षरं पाठच करा. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे मार्च ते जुलै-ऑगस्ट १९६४ मधल्या गाड्यांना लोक चौसष्ट-अर्धा म्हणतात (कागदोपत्री आणि नंबरमध्ये त्या १९६५ च्याच आहेत), त्यांच्यात यू म्हणजे १७० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर १०१ हॉर्सपॉवर, एफ म्हणजे २६० व्ही-८ १६४ हॉर्सपॉवर आणि डी म्हणजे २८९ चार बॅरल कार्ब्युरेटर २१० हॉर्सपॉवर (बॅरल म्हणजे कार्ब्युरेटरची हवा ओढणारी तोंडं). ऑगस्ट १९६४ नंतर यादी बदलली, टी म्हणजे २०० चं सहा सिलिंडर १२० हॉर्सपॉवर, सी म्हणजे २८९ दोन बॅरल २०० हॉर्सपॉवर, ए म्हणजे २८९ चार बॅरल २२५ हॉर्सपॉवर. आणि के, जे जून १९६४ पासून शेवटपर्यंत राहिलं, ते हाय परफॉर्मन्स २८९, २७१ हॉर्सपॉवर. टी अक्षर कारखान्यालाही आहे आणि इंजिनलाही, त्यामुळे जागा बघूनच वाचा, दुसऱ्या जागी कारखाना, पाचव्या जागी इंजिन.

चौसष्ट-अर्धा ओळखायची अजून एक खूण म्हणजे बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नाही, जनरेटर असतो. आणि त्या काळातल्या व्ही-८ ला गिअरबॉक्स जोडायची हाउसिंग पाच बोल्टची होती, नंतर सहा बोल्टची झाली. म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलायची वेळ आली की पाच बोल्टवाल्याचा शोध लांबतो, हे खर्चात धरा.

आता नंबरमध्ये टी आहे पण बॉनेटखाली व्ही-८ बसलंय असं सर्रास दिसतं. काम नीट केलं असेल तर चालवायला मजाच येते, पण बहुतेकांनी इंजिन बदलून बाकीचं तसंच ठेवलेलं असतं आणि तिथे जिवाचा प्रश्न येतो. चाकाचे नट मोजा. कंपनीच्या सहा सिलिंडरला चार नट, व्ही-८ ला पाच. चार नट दिसले म्हणजे ब्रेक ९ इंची ड्रमचे, जे हलक्या गाडीसाठी होते, व्ही-८ ला १० इंची यायचे. मग गाडीखाली जाऊन मागचा अ‍ॅक्सल बघा, सहा सिलिंडरवाल्याला मागून झाकण असतं, बोल्ट लावलेलं, आणि व्ही-८ च्या ८ इंची अ‍ॅक्सलला मागची बाजू गुळगुळीत, त्याचा गाभा पुढून निघतो. चार नट आणि झाकणवाला अ‍ॅक्सल घेऊन व्ही-८ चालवणारी गाडी दिसली तर किंमत सहा सिलिंडरचीच द्या आणि ब्रेकचा खर्च त्यातून वजा करा.

"नंबर मॅचिंग इंजिन" हा शब्द जाहिरातीत फार दिसतो, म्हणजे इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबरशी जुळतो असा दावा. १९६५-६६ मध्ये साध्या सी किंवा ए इंजिनवर गाडीचा नंबर ठोकतच नसत, तो फक्त के इंजिनवर ठोकायचे. मग सी कोडच्या गाडीत मॅच कशाला करणार? तिथे बघायची ती ओतकामातली, म्हणजे ब्लॉक ओतताना उमटवलेली तारीख. ब्लॉकवर ५सी१६ असं काही दिसेल, ५ म्हणजे १९६५, सी म्हणजे मार्च, १६ तारीख. ही तारीख गाडी बनल्याच्या आधीची, काही दिवस ते काही आठवडे, अशी असायला हवी. नंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीत कंपनीतून आलेलं नाही एवढं नक्की.

दारावरची पट्टी

ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या मागच्या कडेला कुलपाखाली एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते. तिच्यावर नंबर परत असतो, तो फेंडरखालच्या नंबरशी अक्षर अन् अक्षर जुळायला हवा. दारं बदलली जातात आणि नव्या पट्ट्या ऑर्डर करून बनवूनही मिळतात, म्हणून पट्टी हा पुरावा नाही, पुरावा पत्र्यावर ठोकलेला नंबरच. पण पट्टी खरी असेल तर ती खूप काही सांगते.

पट्टीवर बॉडी या शब्दाखाली ६५ए असेल तर साधा हार्डटॉप, ६५बी असेल तर लक्झरी इंटिरियरवाला, ६५सी म्हणजे पुढे बेंच सीट. फास्टबॅकला ६३ए आणि ६३बी, कन्व्हर्टिबलला ७६ए आणि ७६बी. रंगाचा कोड, ए म्हणजे रेव्हन ब्लॅक, एम म्हणजे विम्बल्डन व्हाइट, १९६५ ला जे म्हणजे रँगून रेड, १९६६ ला टी म्हणजे कँडीअ‍ॅपल रेड, ३ म्हणजे पॉपी रेड. आज लाल दिसणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी मुळात दुसऱ्याच रंगाच्या होत्या, डिकीच्या आत आणि डॅशबोर्डच्या खाली मूळ रंग अजून दिसतो, तो पट्टीशी ताडून बघा.

तारीख आधी दिवस आणि मग महिन्याचं अक्षर, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं करत, फक्त आय अक्षर वगळलेलं, म्हणून सप्टेंबर जे होतो आणि डिसेंबर एम. मग जिल्हा कोड, म्हणजे कुठल्या विक्री विभागाने ऑर्डर दिली. मग अ‍ॅक्सलचा कोड, तिथे आकड्याऐवजी अक्षर असेल तर लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) अ‍ॅक्सल, हा ऑप्शन असलेला चांगला. शेवटी गिअरबॉक्स, १ म्हणजे तीन गिअरचा मॅन्युअल, ५ म्हणजे चार गिअरचा, ६ म्हणजे सी-४ ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकच्या लिव्हरवर हिरवा ठिपका दिसला तर गोंधळू नका, तोच नेहमीचा ड्राइव्ह, शेजारच्या छोट्या ठिपक्यावर गाडी दुसऱ्या गिअरमधून निघते, बर्फात घसरू नये म्हणून.

नवीन लोक एक प्रश्न हमखास विचारतात, मार्टी रिपोर्ट काढता येईल का. तो रिपोर्ट म्हणजे फोर्डच्या जुन्या रेकॉर्डवरून कुठली गाडी कुठल्या ऑप्शनसह बनली त्याचा उतारा, पण तो १९६७ पासूनच्या गाड्यांचाच मिळतो. ६५-६६ साठी तसा कागद नाही, म्हणून तर हा सगळा लेख लिहितोय, इथे गाडीलाच विचारावं लागतं.

साध्या गाडीत काय यायचं

बकेट सीट, खाली कार्पेट, जमिनीवरचा गिअर लिव्हर, हीटर, चाकांना पूर्ण कव्हर, हे सगळं मूळ किमतीत. त्या वेळच्या स्वस्त गाडीला हे भरपूर होतं. पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, रेडिओ, एसी, कन्सोल, व्हिनाइलचा टप, टिंटेड काच, कापडी टप विजेवर उघडणं, हे सगळं जादा पैसे देऊन. एसी डॅशबोर्डच्या खाली टांगलेला वेगळा डबा असतो, तो बघून कोणी नंतर बसवलाय असं समजू नका, कंपनीतूनही तसाच यायचा. मात्र के इंजिनसोबत एसी मिळत नव्हता. पुढचे डिस्क ब्रेक फक्त व्ही-८ ला, आणि डिस्क व पॉवर ब्रेक दोन्ही एकत्र ६५-६६ मध्ये कंपनी देत नव्हती. त्यामुळे पॉवरवाले डिस्क दिसले तर ते नंतरचे, आणि रोज चालवायची असेल तर ते असलेले बरेच.

जीटी: इथे जरा थांबा

सगळ्यात जास्त खोटेपणा याच पॅकेजात होतो. जीटी इक्विपमेंट ग्रुप एप्रिल १९६५ मध्ये, गाडीच्या पहिल्या वाढदिवसाच्या वेळेला आला. जाळीत फॉग लाइट, पुढे डिस्क ब्रेक, जरा कडक सस्पेन्शन, दारांखालून जाणारे पट्टे, फेंडरवर जीटी बॅज आणि मागच्या खालच्या पत्र्यातून बाहेर येणारे दोन सायलेन्सरचे पाइप. आणि अट अशी की इंजिन ए किंवा के असलंच पाहिजे. म्हणजे नंबरमध्ये सी किंवा टी असलेली जीटी कंपनीतून आलेली नाही, विषय संपला. तसंच १९६५ ची गाडी आणि पट्टीवरचा महिना के, म्हणजे ऑक्टोबर १९६४, तर तेव्हा जीटी पॅकेज जन्मालाच आलं नव्हतं.

अडचण अशी की जीटीचा कोड नंबरमध्येही नाही आणि पट्टीवरही नाही. मग ए कोडची गाडी असेल तर खरं खोटं कसं करायचं? गाडी लिफ्टवर घ्या. मागच्या चेसिस रेलवर, जिथे सायलेन्सर लटकवायचे हँगर बसतात, तिथे खऱ्या जीटीला कंपनीने स्पॉट वेल्ड केलेल्या जादा मजबुतीच्या पट्ट्या असतात. बॅज दहा मिनिटांत लागतो, पट्टे दुपारभरात लागतात, पण हे वेल्डिंग सहसा कोणी करत बसत नाही. हाताने चाचपून बघा, स्पॉट वेल्डचे गोल खड्डे एकसारख्या अंतरावर लागतात, नंतर केलेलं वेल्डिंग ओबडधोबड जाड रेघेसारखं लागतं. शिवाय फॉग लाइटची वायरिंग बघा, कंपनीची वायर मुख्य हार्नेसच्या सोबत व्यवस्थित बांधलेली जाते.

के कोडबद्दल एवढंच की तिथे नंबरमध्ये के नसेल तर बाकी कुठलाही पुरावा चालत नाही. मजबूत ९ इंची मागचा अ‍ॅक्सल, सॉलिड लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे, हाताने सेट करावे लागणारे भाग), सुरुवातीला फक्त चार गिअरचा मॅन्युअल. रेसर कॅरोल शेल्बीच्या कंपनीने १९६५ मध्ये ज्या ५६२ जीटी ३५० बनवल्या त्या याच के कोडच्या, सॅन होजेच्या पांढऱ्या फास्टबॅकपासून. पहिली गाडी म्हणून के कोडच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे, पैसा प्रचंड आणि तपासणीला खरा जाणकारच लागतो.

घोड्यांच्या सीट आणि बाकीचे ऑप्शन

पोनी इंटिरियर म्हणतात ते म्हणजे इंटिरियर डेकोर ग्रुप, सीटच्या पाठीवर धावणारे घोडे उमटवलेले, डॅशबोर्डवर लाकडासारखं फिनिश, दाराला पिस्तुलाच्या मुठीसारखं हँडल, दारात खाली छोटे दिवे. तेव्हा साधारण १०७ डॉलर जादा पडायचे. याचा पुरावा सोपा, पट्टीवर बॉडीच्या कोडमध्ये बी हवा. सीटची कव्हरं नवीन मिळतात आणि कोणीही घालतं, दाराचं पॅनेल आणि दिव्यांची वायरिंग मात्र बरेच जण अर्धवट सोडतात, तिथे बघा. बी नसलं तरी नीट केलेलं पोनी इंटिरियर बसायला तेवढंच सुंदर आहे, फक्त भाव साध्याचा धरा.

रॅली-पॅक म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेलं घड्याळ आणि टॅकोमीटरची जोडी, हे कंपनीतूनही यायचं आणि डीलरकडेही बसवून मिळायचं, त्यामुळे ते मूळ की नंतरचं यावर फार डोकं लावू नका. चौसष्ट-अर्धाच्या जनरेटरवाल्या गाडीचं वेगळं असतं हे मात्र खरेदी करताना लक्षात ठेवा. स्टाइल्ड स्टीलची चाकं फक्त व्ही-८ ला, १४ इंची. अ‍ॅक्सेंट ग्रुपमध्ये बाजूची खोटी हवेची जाळी काढून टाकून बारीक रंगीत रेघ यायची, त्यामुळे ती जाळी नाही म्हणजे अपघात झालाय असं धरू नका. १९६६ मध्ये एट-ट्रॅक टेपही मिळू लागला. १९६६ च्या स्प्रिंट २०० पॅकेजबद्दल सांगायलाच हवं, सहा सिलिंडर, क्रोमचा एअर क्लीनर त्यावर स्टिकर, कन्सोल, तारांच्या चाकासारखी कव्हरं, रेघा. कोणी फार भाव देत नाही पण नीटनेटकी, प्रामाणिक गाडी आहे.

आणि एखाद्या गाडीवर मस्टँगऐवजी टी-५ लिहिलेलं दिसलं तर ती नकली नाही, जर्मनीत ते नाव आधीच क्रुप कंपनीकडे असल्यामुळे तिथे विकलेल्या गाड्यांना टी-५ नाव दिलं होतं.

६५ की ६६?

पुढून बघा, ६५ ला जाळी मधाच्या पोळ्यासारखी आणि घोड्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या दांड्या, ६६ ला बारीक आडव्या पट्ट्या आणि घोडा चौकटीत मोकळा. आत बघा, साध्या ६५ ला फाल्कनसारखा आडवा लांब स्पीडोमीटर, ६६ ला सगळ्यांनाच पाच गोल डायल. म्हणजे ६५ मध्ये पाच गोल डायल दिसले तर जीटी किंवा पोनीचा दावा तपासायला घ्या. चालवायला दोन्ही सारख्याच, तुम्हाला जी आवडेल ती घ्या.

पत्रा आणि ब्रेक

ऑप्शन कितीही असू देत, काऊल गंजलेला असेल तर गाडी सोडा. पुढच्या काचेखाली हवा आत घेण्याच्या फटी असतात, त्यात बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि आतल्या कार्पेटवर हात ठेवा. पाणी ठिबकलं तर आतला पत्रा गेलाय, आणि त्याचं काम म्हणजे अर्धा पुढचा भाग खोलणं. फ्लोअर, चेसिस रेल, टॉर्क बॉक्स (फ्लोअर आणि चेसिस रेल जोडणारे पत्र्याचे डबे) यांना चुंबक लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, ६५-६६ मध्ये एकाच खणाचा होता, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन खणांचा बसवायचं किट मिळतं, मूळपणाचा कितीही सोस असला तरी मुलाबाळांना घेऊन फिरणार असाल तर हे आधी बदला, जुना सिलिंडर डब्यात जपून ठेवा. बेल्टही फक्त कमरेचे असतात, तेही बघा.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी म्हणून सी कोडचा हार्डटॉप, शक्यतो ६६ चा, पत्रा चांगला असलेला. ६५ आणि ६६ मिळून दहा लाखांहून जास्त हार्डटॉप बनले, फास्टबॅक सव्वा लाखाच्याही आत, म्हणून तर फास्टबॅकचा भाव एवढा चढा. हार्डटॉपमध्ये पर्याय भरपूर, घाई करायची गरज नाही.

शेवटी कागद. टायटल म्हणजे मालकीचा सरकारी कागद, त्यावरचा नंबर फेंडरखालच्या नंबरशी स्वतः जुळवा, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. जुन्या टायटलवर ५ चा एस झालेला किंवा शून्याचा ओ झालेला आढळतो, ती टायपिंगची चूक असते पण रजिस्ट्रेशनच्या वेळी तुम्हालाच खेपा घालायला लावते. असं काही दिसलं तर विकणाऱ्यालाच त्याच्या राज्याच्या मोटर व्हेइकल ऑफिसातून दुरुस्त करून आणायला सांगा, आणि मगच चेक लिहा.